आंब्याच्या वेबसाइटवर बागायतदार दिसला पाहिजे

मार्च लागला की मुंबई-पुण्यात हापूसच्या जाहिराती सुरू होतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, फेसबुकवर, सोसायटीच्या फाटकावर. प्रत्येकाचा आंबा देवगडचा नाहीतर रत्नागिरीचा, प्रत्येकाचा गवतात पिकवलेला, प्रत्येकाचा थेट बागेतून आलेला. हे सगळंच्या सगळं खरं नसणार, हे ग्राहकाला पक्कं ठाऊक असतं. कर्नाटकातून आलेलं फळ देवगडच्या नावाने विकलं जातं, ही तक्रार कोकणात दर हंगामात होते. अशा बाजारात खऱ्या बागायतदाराची वेबसाइट उघडली, तरी ग्राहक तिच्याकडे संशयानेच बघतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

वाशीच्या घाऊक मार्केटवर सगळा माल न सोडता निदान काही पेट्या स्वतः विकायचं ज्यांनी ठरवलं आहे, त्या बागायतदारांसाठी हा लेख आहे. ग्राहक तुमच्या वेबसाइटवर एक माणूस शोधत असतो: फळ खराब निघालं तर फोन उचलून जबाबदारी घेणारा. ज्या ज्या जागी ग्राहकाला शंका येते, त्या त्या जागी हा माणूस दिसायला हवा. ‘आमच्याविषयी’ नावाच्या एका पानावर त्याचा फोटो लावला आणि बाकी सगळीकडे तो गायब झाला, तर उपयोग नाही.

सुरुवात मागच्या हंगामातल्या फोनपासून

वेबसाइट बनवणाऱ्याला बोलावण्याआधी वही घ्या. मागच्या हंगामात आलेले फोन आठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने संदेश चाळा, आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून काढा. ‘आंबा खरंच देवगडचा ना?’ ‘पावडरचा नाही ना?’ ‘पैसे आधी का द्यायचे?’ ‘चार आंबे सडके निघाले तर?’ ‘अक्षय्य तृतीयेच्या आधी मिळेल का?’ फोन घरातल्या दोन-तीन जणांनी उचलले असतील तर सगळ्यांना एकत्र बसवा. बायकांना बोलावायला विसरू नका. पुष्कळ घरांत पेट्या भरणं, हिशेब ठेवणं आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला समजावणं, ही तिन्ही कामं त्याच करत असतात.

प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: याचं उत्तर आपल्यात सगळ्यांत चांगलं कोण देऊ शकतं? पिकवण्याबद्दल आई, बागेबद्दल वडील, पैशाबद्दल तुम्ही. वेबसाइटवर कोण कुठे दिसणार, हे या यादीवरून ठरेल.

चेहरा कोणाचा

जबाबदारी घेणारा माणूस एकच असावा. पंधरा जणांचा कुटुंबाचा फोटो बघायला छान वाटतो, पण त्यातल्या कोणाला फोन करायचा हे ग्राहकाला कळत नाही. एकाचं पूर्ण नाव, गाव आणि नंबर ठळक द्या. बाकीचे त्यांच्या कामासह दिसू देत.

बाग एक भाऊ बघतो आणि दुसरा डोंबिवलीत राहून विक्री सांभाळतो, असं अनेक घरांत असतं. ते तसंच सांगा. डोंबिवलीचा भाऊ स्वतःला ‘शेतकरी’ म्हणवून घेतो, ग्राहक फोनवर मोहोराबद्दल विचारतो, आणि उत्तर येत नाही. तिथे विश्वास तुटतो. ‘बाग दादा बघतो, मुंबईतली डिलिव्हरी मी बघतो’ या एका वाक्याने दोघंही खरे ठरतात.

बागेत काम करणाऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय लावू नका. कोकणातल्या बागांमध्ये राखणीला आणि काढणीला नेपाळहून आलेली माणसं मोठ्या संख्येने असतात. त्यांना फोटो कुठे लागणार ते मोबाइलवर दाखवा, मग विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच संपवा. हो म्हणाले तर फोटोखाली त्यांचंही नाव आणि काम लिहा. नुसतं ‘आमचे कामगार’ लिहू नका.

फोटो आणि व्हिडिओ

इंटरनेटवरून घेतलेला हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लावणं ही सगळ्यांत महागात पडणारी बचत आहे. गूगल लेन्सवर तो टाकला की आणखी शंभर ठिकाणचा तोच चेहरा समोर येतो. संगणकाने तयार केलेले चेहरेही टाळा. आंबा खरा असूनही माणूस खोटा दाखवलात, तर आंब्यावर कोण विश्वास ठेवेल?

चांगल्या फोटोला साधा मोबाइल पुरतो. सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ४ नंतर काढा. दुपारच्या उन्हात कलमाखाली उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांचं ऊन पडतं. लेन्स आधी पुसा. हाताची घडी घालून उभं राहू नका, काम करत असताना फोटो घ्या: झेल्याने (फळ तोडायच्या जाळीच्या काठीने) फळ काढताना, देठ ठेवून आंबा हातात धरलेला असताना, वजनावर प्रतवारी करताना. चेहरा आणि हात दोन्ही फोटोत यायला हवेत.

एकाच दिवशी सगळे फोटो उरकू नका. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आलेला, फेब्रुवारीत कणीचं, म्हणजे अगदी बारीक, फळ धरलेलं, एप्रिलमध्ये काढणी चाललेली, असे तीन वेळचे फोटो घ्या. तोच माणूस, तीच कलमं, बदलत जाणारा हंगाम. दलालीचा आंबा विकणाऱ्याला हे जमवता येत नाही, कारण जानेवारीत तो बागेत नसतोच. मला तर हा सगळ्यांत पक्का पुरावा वाटतो. प्रत्येक फोटोखाली महिना, वर्ष, गाव आणि काय चाललं आहे ते एका ओळीत लिहा.

वेबसाइटवर टाकण्याआधी फोटो हलके करा. एक फोटो २०० केबीच्या आसपास असला की मोबाइलवर पटकन उघडतो. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद बऱ्याचदा आपोआप राहते, ती काढून टाका, निदान घरच्या फोटोंमधून तरी. बागेचं ठिकाण दाखवायचं असेल तर ते नकाशावर जाणूनबुजून दाखवा.

व्हिडिओ ४० सेकंदांच्या वर नको. बागेत वाऱ्याचा आवाज फार येतो, म्हणून बोलण्याचा भाग पडवीत किंवा आंबे भरायच्या खोलीत घ्या. पाठ केलेलं बोलू नका. बोलण्यात मालवणी हेल असेल तर असू द्या. दादर-गिरगावात राहणाऱ्या कितीतरी ग्राहकांचं गाव तिकडचंच आहे, त्यांना तो हेल ओळखू येतो. शब्द खाली अक्षरांतही दिसू देत, कारण लोक ऑफिसात आवाज बंद ठेवून बघतात.

स्वतःबद्दल काय लिहायचं

बहुतेक वेबसाइटवर या जागी असं काहीतरी असतं: ‘आम्ही ग्राहकांना उत्कृष्ट दर्जाचा आंबा पुरवण्यास कटिबद्ध आहोत.’ हे वाक्य कोणीही कोणत्याही मालाबद्दल लिहू शकतो. त्याऐवजी पडताळून बघता येतील अशा गोष्टी लिहा. नमुना असा:

‘मी (तुमचं नाव). देवगड तालुक्यात (गावाचं नाव) इथे आमची (संख्या) कलमं आहेत. त्यातली जुनी आजोबांनी लावली, नवी मी (साल) मध्ये लावली. फळ चौदा आणे तयार झालं की काढतो. यंदा मोहोर उशिरा आला, त्यामुळे पहिली पेटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याआधी निघणार नाही. पेटीबद्दल काहीही बोलायचं असेल तर मला (नंबर) वर फोन करा.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला माणूस दिसतो. ‘उशिरा निघेल’ हे सांगायला घाबरू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हवा तेवढा माल आहे असं म्हणणाऱ्यापेक्षा ‘अजून नाही’ म्हणणाऱ्यावर हापूस ओळखणारा ग्राहक जास्त भरवसा ठेवतो.

शंका येते त्या जागा

आता खरं काम. ग्राहक वेबसाइटवर कुठे थबकतो ते एकेक करून बघू.

पहिली जागा आंबा मूळचा कुठला याची. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येतं, अशी सरकारी नोंद) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ते नाव अधिकृतपणे वापरायला बागायतदाराची स्वतंत्र नोंदणी लागते. तुमची नोंदणी असेल तर नुसतं मानांकनाचं चित्र लावू नका, चित्र कोणीही उचलतो. प्रमाणपत्राचा फोटो लावा आणि त्यावरचं नाव वेबसाइटवरच्या चेहऱ्याच्या नावाशी जुळतं हे दिसू द्या. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर लावायला विशिष्ट क्रमांकाचे स्टिकर आणले. तुम्ही ते लावत असाल तर क्रमांक कसा तपासायचा, हे तुम्ही स्वतः आंबा हातात धरून व्हिडिओत दाखवा.

दुसरी जागा दराची. पाच डझनांची पेटी शेजारच्या वेबसाइटवर हजाराने स्वस्त दिसते. इथे सवलतीचा लाल पट्टा लावण्यापेक्षा दराखाली दोन ओळी लिहा आणि नाव घाला: ‘या पेटीत २५० ते ३०० ग्रॅमचं फळ आहे. वजनाची प्रतवारी माझी बहीण करते. लहान फळ चालत असेल तर खालची पेटी घ्या, चव तीच आहे.’ स्वस्त माल सुचवणारा विक्रेता लोकांच्या लक्षात राहतो.

तिसरी जागा पिकवण्याची. कॅल्शियम कार्बाइड, म्हणजे लोक ज्याला पावडर म्हणतात ते, फळं पिकवायला वापरण्यावर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात वापरायला मात्र परवानगी आहे. तुम्ही आढी लावत असाल, म्हणजे गवताच्या थरांत फळ पिकवत असाल, तर आढीचा फोटो द्या आणि ती लावणाऱ्या हातांचाही. इथिलीनच्या खोलीत पिकवत असाल तर तेही सरळ सांगा, ते बेकायदा नाही. लपवलेली गोष्ट नंतर कळली की बाकी सगळं खरं असूनही खोटं वाटू लागतं.

चौथी जागा पैशांची, आणि इथेच सर्वांत जास्त माणसं परत फिरतात. यूपीआयने पैसे भरताना ग्राहकाला बँक खात्यावरचं नाव दिसतं. वेबसाइटवर एखाद्या ‘फार्म्स’चं नाव आणि मोबाइलवर भलत्याच कोणाचं, असं झालं की बोट थांबतं. पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर तुमचा छोटा फोटो आणि हे वाक्य ठेवा: ‘पैसे भरताना (खात्यावरचं नाव) असं दिसेल, ते माझ्या पत्नीचं खातं आहे.’ शक्य असेल तर व्यवसायाच्या नावाचं चालू खातंच उघडा. पहिल्यांदा घेणाऱ्याला अर्धे पैसे आधी आणि अर्धे पेटी हातात आल्यावर, अशी सोय देता आली तर जरूर द्या. ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’ असला खोटा आकडा कधीही लावू नका. अशी खोटी घाई केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरते. खरोखर ३ उरल्या असतील तर जरूर लिहा.

पाचवी जागा पैसे भरल्यानंतरची. ती बहुतेक जण विसरतात. पैसे गेले, पेटी अजून आली नाही, आणि वेबसाइटने एक आपोआप पाठवलेला संदेश टाकून पाठ फिरवली. पेटी भरली की झाकण लावण्याआधी तिचा फोटो काढा, त्यात ऑर्डरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिसू द्या, आणि तो स्वतःच्या नावाने पाठवा: ‘तुमची पेटी आज दुपारी भरली, रात्रीच्या गाडीने निघतेय.’ एका पेटीमागे जेमतेम एक मिनिट जातं. पैसे अमेरिकेतल्या मुलाने भरलेले आणि पेटी पुण्यातल्या आईवडिलांकडे जाणार, असंही पुष्कळदा असतं. तेव्हा फोटो मुलाला पाठवा आणि फोन आईवडिलांना करा. त्यांना नाव सांगा, मुलाचं नाव सांगा, कधी येणार ते सांगा.

पेटीसोबत जाणाऱ्या सूचनाही माणसाच्या आवाजात असू देत. फळ कच्चं असताना फ्रिजमध्ये ठेवू नका, गवतात एकावर एक न रचता पसरून ठेवा, रोज एकदा बघा आणि पिकलेलं वेगळं काढा. हे ३० सेकंदांत तुमच्या आईने बोलून दाखवलं तर छापील कागदापेक्षा नीट पोचतं.

फळ खराब निघालं तर

हापूसमध्ये साका निघतो. बाहेरून फळ देखणं, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग. वरून बघून तो ओळखता येत नाही. झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या आणि मोठ्या फळांत तो अधिक आढळतो. शहरातल्या ग्राहकाला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपल्याला नासका माल दिला.

म्हणून यावर स्वतंत्र पान करा आणि त्याचा दुवा आंब्याच्या पानावर दरापाशीच द्या, तळाशी बारीक अक्षरांत नको. कापलेल्या साक्याच्या फळाचा फोटो टाका. अनेक जण याला बिचकतात, पण दोष दाखवणारा माणूस खोटारडा वाटत नाही. मग तुमचा नियम तुमच्या तोंडून सांगा: ‘साका किंवा कुजलेलं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून १२ दिवसांत मला पाठवा. त्या फळाचे पैसे परत देईन किंवा पुढच्या पेटीत फळ देईन, जे तुम्हाला हवं ते.’ दिवस आणि आकडे तुम्हाला झेपतील तेच लिहा, पण लिहाच. कच्चं फळ घरी पिकायला आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा ‘तक्रार २४ तासांत’ असा नियम करणं म्हणजे तक्रारीचा रस्ताच बंद करणं, आणि ग्राहकाला ते बरोबर कळतं.

फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप

नंबर प्रत्येक पानावर वरच्या बाजूला असावा, दाबला की थेट फोन लागावा. शेजारी कोण उचलणार आणि कधी, ते लिहा: ‘सकाळी ८ ते १० मी बागेत असतो, फोन उचलता येत नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप करा, दुपारपर्यंत उत्तर देतो.’ दिवसभर उपलब्ध असल्याचं खोटं सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश लावता येतो; तो आपोआप आहे हे त्यातच सांगा. यंत्राला ‘प्रिया’ किंवा ‘राहुल’ असं माणसाचं नाव देऊ नका. ग्राहक प्रियाशी तीन वाक्यं बोलतो, चौथ्याला यंत्र आहे हे कळतं, आणि मग खऱ्या माणसाचंही ऐकत नाही.

वयस्कर ग्राहकांना आवाजातला निरोप आवडतो. लिहिण्यापेक्षा तो सोपाही जातो.

अभिप्राय

गेल्या वर्षीच्या ग्राहकांना हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, एक संदेश करा आणि दोन वाक्यं मागा. त्यांच्या परवानगीने नाव आणि शहर लावा. पूर्ण पत्ता, नंबर कधीच नको. गूगलवर व्यवसायाची नोंद करून घ्या आणि अभिप्राय तिथे लिहायला सांगा, कारण तिथला मजकूर तुम्ही बदलू शकत नाही हे ग्राहकाला माहीत असतं. स्वतःच ग्राहक बनून कौतुक लिहिण्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई आहे.

वाईट अभिप्राय आला तर पुसायचा प्रयत्न करू नका. त्याखाली नाव घालून उत्तर द्या: काय झालं, तुम्ही काय केलं. वाद घालू नका. नवा ग्राहक चांगले अभिप्राय भराभर चाळतो आणि वाईटापाशी थांबतो. बागायतदार अडचणीत कसा वागतो, हे त्याला तिथेच कळतं.

कायद्याने लागणारं

स्वतःच्या वेबसाइटवरून नियमित विक्री करत असाल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. व्यवसायाचं कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, ईमेल, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, पद व संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं लागतं. छोट्या व्यवसायात तो अधिकारी तुम्हीच. तेव्हा तिथेही तेच नाव, तोच चेहरा ठेवा. आंबापोळी, आमरस, लोणचं विकत असाल तर अन्नसुरक्षा विभागाच्या (एफएसएसएआय) परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दाखवा. वेबसाइट सुरक्षित जोडणीवर (https) चालते ना, हे बनवणाऱ्याकडून पक्कं करून घ्या. नाहीतर ब्राउझर ग्राहकाला ‘सुरक्षित नाही’ असं सांगतो आणि मग तुमचा फोटो कितीही खरा असो.

सुरू करण्याआधी

तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्याच्या हातात मोबाइल द्या. ओळखीच्याच्या ओळखीचा चालेल, पण घरचा माणूस नको, शक्यतो पन्नाशीच्या पुढचा. त्याला तीनच गोष्टी शोधायला सांगा: आंबा कोणाचा आहे, फळ खराब निघालं तर कोणाला फोन करायचा, आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार. तुम्ही गप्प बसा, मदत करू नका. त्याचं बोट जिथे अडलं तिथे खूण करा आणि त्या जागी नाव, नंबर किंवा एक वाक्य वाढवा.

हंगाम संपल्यावर वेबसाइट बंद पडल्यासारखी ठेवू नका. ‘यंदाचा हंगाम संपला, पुढची नोंदणी फेब्रुवारीत’ असं तारखेसह लिहा. पावसाळ्यात खत घातलं, ऑक्टोबरमध्ये नवी पालवी आली, की एक फोटो आणि दोन ओळी टाका. काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढा, बदललेला नंबर सगळ्या पानांवर बदला, गेल्या वर्षीचे दर हटवा. जानेवारीत मोहोराचा फोटो टाकलात की जुन्या ग्राहकांना तो व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, आणि यंदा फळ कमी येणार असं दिसत असेल तर तेही त्याच संदेशात कळवा.